अमावास्येला निघा

अंदमानला मुलांना घेऊन जायचं ठरलं की आपण आधी विमानाचे दर बघतो, मग शाळेच्या सुट्ट्या. माझं सांगणं आहे, त्याच्याही आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा आणि अमावास्या कधी आहे ते शोधा. घरातली मोठी माणसं म्हणतील, अमावास्येला प्रवास नको. पण त्या बेटांवर मुलांनी डोळे विस्फारून पाहावं असं जे जे आहे, त्यातलं बरंचसं अमावास्येच्या आगेमागे दिसतं.

कोकणात किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे नवं नाही. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात, तेव्हा भांग. उधाणात भरती चढते खूप आणि ओहोटीला पाणी हटतंही खूप. कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. घड्याळाशिवाय, नुसत्या तिथीवरून कुणीतरी हे बसवलं, याचं मला अजून नवल वाटतं. हा हिशोब अंदमानात मात्र लागू पडत नाही. तिथल्या ओहोटीच्या वेळा तिथल्या कोष्टकातूनच घ्यायच्या.

आणि ती वेळ साधायचीच. शहीद द्वीपावर, म्हणजे जुन्या नील बेटावर, लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. भरतीला तिच्यापर्यंत चालत जाता येत नाही. उधाणाच्या ओहोटीला पाणी मागे हटतं, खडकाळ तळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. मुलांना तिथे गुडघ्यांवर बसवा. खेकडे, समुद्रकाकड्या, इवलेसे मासे, सगळं वीतभर पाण्यात. तोंडावर मुखवटा लावायची गरज नाही, पोहायला येण्याचीही नाही. पायात चांगली पकड असलेले बूट मात्र हवेतच. शेवाळ घसरवतं आणि प्रवाळ कापतं.

वाळूवर शंख चालताना दिसेल. आत खेकडा असतो. त्याचं पोट मऊ, म्हणून तो गोगलगायीने सोडलेला शंख घर म्हणून घेतो आणि वाढला की मोठं घर शोधतो. एखादा मोठा रिकामा शंख सापडला तर हे खेकडे लहान-मोठ्या आकाराप्रमाणे चक्क रांग लावतात. पहिला नव्या घरात शिरला की दुसरा त्याच्या जुन्यात, तिसरा दुसऱ्याच्या! हे एकदा सांगितलं की मुलं शंख खिशात घालत नाहीत. प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही, मेलेला असला तरी. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. पायाखालच्या पांढऱ्या वाळूतही प्रवाळाचा चुरा असतो. पोपट मासा प्रवाळ कुरतडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेली भुकटी मागून सोडून देतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. सात वर्षांच्या मुलाला यापेक्षा आवडती गोष्ट मला तरी माहीत नाही.

रात्रीसाठी अमावास्या हवी ती वेगळ्याच कारणाने. स्वराज द्वीपाच्या, पूर्वीच्या हॅवलॉकच्या, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव असतात. पाणी हललं की त्यांच्या शरीरात दोन रसायनं भेटतात आणि निळसर ठिणगी उमटते, डोळ्याचं पातं लवतं तेवढीच. हात फिरवला की बोटांमागे प्रकाश ओढला जातो. पौर्णिमेच्या चांदण्यात यातलं काहीच उठून दिसत नाही. पाण्यात स्वतःहून उतरू नका. खाडीत मगरी आहेत. स्थानिक जाणकाराबरोबर होडीतूनच जा.

दिवस मात्र सूर्याच्या हिशोबाने आखावा लागतो. मुंबईपेक्षा ही बेटं सुमारे 20 अंश पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर सूर्य तिथे 80 मिनिटं आधी. डिसेंबरात सहाच्या आत उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. विषुववृत्ताजवळ तो तिरका न उतरता जवळजवळ सरळ खाली जातो, म्हणून संधिप्रकाशही अर्ध्या तासाच्या आत संपतो. नऊला नाश्ता आणि दुपारी चारला समुद्र, ही आपली सवय तिथे अर्धा दिवस वाया घालवते. मुलांना सहाला पाण्याकाठी न्या, अकरा ते दोन सावलीत झोपवा. लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला; मुलं उन्हापासून वाचतात आणि अंगाला फासलेलं मलम प्रवाळावरही उतरत नाही.

दिवाळीची अमावास्या सुट्टीत आयती मिळते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात पाऊस आणि वादळं असतात. मेच्या उत्तरार्धात तर मोसमी वारे तिथे आपल्याआधी पोचतात. मार्गशीर्षातली अमावास्या बघा, ती डिसेंबरात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. ती नाताळच्या सुट्टीत पडत असेल, तर तिच्या अलीकडचे दोन आणि पलीकडचे दोन दिवस धरून आजच तिकिटं काढा.