डोळ्याची किरकोळ इजा आणि मागे रेंगाळणारी तक्रार

कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन मळणीच्या दिवसांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार हमखास येते. पऱ्हाटीचे टोक किंवा ज्वारीचे पान डोळ्यास चाटून गेले, दोन दिवस पाणी वाहिले, मग बरे वाटले. आता महिना-दीड महिना उलटल्यावर पहाटे डोळा उघडताच आत टोचते, उजेड सहन होत नाही, दृष्टी धूसर वाटते. तपासणीत कित्येकदा जखम दिसत नाही. मग घरची मंडळी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणू लागतात. हे मनाचे खेळ नव्हेत, एवढे सांगण्यासाठी हा लेख. आम्ही वैद्य नव्हे. आमच्या नेत्रतज्ज्ञांकडून समजून घेतलेले येथे मांडीत आहोत.

बुबुळावरील पारदर्शक पडद्यास डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्याचा सर्वांत वरचा थर पाच-सात पेशींचा असून त्यात संवेदनेचे तंतू दाट पसरलेले असतात. म्हणूनच केसाएवढा ओरखडाही असह्य होतो. हा थर खरवडला गेला की शेजारच्या पेशी सरकत येऊन बहुधा एक ते तीन दिवसांत उघडी जागा झाकतात आणि वेदना थांबते. परंतु नव्या थराची खालच्या पायावरील पकड घट्ट होण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. रोप वर आले, पण मुळे धरली नाहीत, असे म्हटले तर आपल्या भागातील वाचकांस चटकन समजेल. झोपेत अश्रू कमी होतात, पापणी आतून चिकटते आणि जाग येताच ती उचलली गेली की हा सैल थर पुन्हा सोलला जातो. पहाटेच्या टोचणीचे कारण हेच. काही तासांत जागा पुन्हा झाकली जाते, त्यामुळे रुग्ण दुपारी आमच्याकडे पोहोचेपर्यंत खूणही उरत नाही. तान्ह्या मुलाचे नख किंवा कागदाची कड लागल्यानेही असेच घडते.

यावर उपाय आहे. मात्र तो चिकाटीचा आहे. रात्री झोपताना डोळ्यात वंगणाचे मलम आणि दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, तेही बरे वाटू लागल्यावर पुढे काही महिने. तेवढ्याने न भागल्यास संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स किंवा सैल थर काढून टाकण्याची छोटी प्रक्रिया करतात. सकाळी डोळा चोळू नये.

दृष्टीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. वरवरचा ओरखडा सहसा डाग ठेवीत नाही. जखम खोल गेली तर पांढरा व्रण राहतो. त्यालाच आपण ‘फूल पडले’ म्हणतो. बैलाचे शिंग किंवा चेंडू यांचा मुका मार बसला असेल, तर आतील सूज, वाढलेला दाब, मोतीबिंदू हे पुढे उद्भवू शकतात. दाबाचा विकार तर वर्षांनंतरही होतो, म्हणून अशा रुग्णाने दरवर्षी तपासणी करावी. अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखे चमकारे दिसू लागले तर त्याच दिवशी यावे. पडदा सुटण्याची ती खूण असू शकते.

खरी भीती आहे ती पिकाच्या पानाकाडीने झालेल्या ओरखड्यात बुरशी किंवा जंतू शिरण्याची. नेपाळमधील भक्तपूर येथील पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तेथे ओरखडा झालेल्या ४४२ जणांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम देण्यात आले. इजेपासून १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकासही व्रणाचा संसर्ग झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी ४ जणांस झाला, तर त्याहून उशिरा, ४८ तासांपर्यंत आलेल्या ४९ पैकी १४ जणांस झाला. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांस हे आकडे पाहून बोलण्यासारखे फारसे उरत नाही. मलमाची नळी काही रुपयांची. बुरशीचा व्रण झाला की आठवडे-महिने औषध, माहूरहून नांदेडपर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक अंतराच्या खेपा, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि तरीही दृष्टी परत येईलच असे नाही.

या घसरणीस आमच्या मते दोन सवयी कारण होतात. एक, पदराच्या टोकाने कचरा काढणे किंवा डोळ्यात तेल, दूध घालणे. दुसरी अधिक घातक: औषधाच्या दुकानातून ‘लाली जाण्याचे’ थेंब मागून घेणे. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली जाते, रुग्ण निश्चिंत होतो आणि आत बुरशी फोफावते. डोळा बधिर करणारे थेंबही घरी वापरू नयेत. त्यांनी जखम भरणे लांबते.

इजा होताच स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, फडके बांधू नये आणि त्याच दिवशी दाखवावे. केसपेपर काढताना इजा केव्हा व कशाने झाली हे खिडकीवरच सांगावे. अशा रुग्णास रांगेत न बसविता प्रथम आत पाठविण्याची सूचना आम्ही नोंदणी विभागास दिली आहे.