कुंडीखालचा ‘गोळी किडा’ पाळायचाय? डब्यातली ओल अशी सांभाळा

पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली राखाडी जीव पळताना दिसतात. हात लावला की काहींची गोळी होते. हे आयसोपॉड. जगभर ते हौसेने पाळले जातात. नाशिकमध्ये ही हौस करायची तर खरी परीक्षा एप्रिल-मेची.

किडा नव्हे, मग काय?
हा खेकडा-कोळंबीचा नातलग. पाय १४. श्वास पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी घेतो. ते कोरडे पडले की जीव गुदमरतो.

डबा कसा भरायचा?
झाकणाच्या प्लास्टिक डब्याला बाजूने बारीक भोके पाडा. तळाला माती-कोकोपीट, वर देशी बदामाची वाळलेली पाने. पाणी एकाच बाजूला शिंपडा, दुसरी कोरडी राहू द्या. हवी ती जागा ते स्वतः निवडतात. चिखल केलात तर हवा खेळत नाही.

खायला काय?
वाळकी पाने हेच मुख्य अन्न. कवचासाठी अंड्याच्या टरफलांची पूड. काकडीचा तुकडा उरला तर बुरशी येण्याआधी काढा. द्राक्षबागेतली पाने टाळा. त्यांवर फवारणी झालेली असते.

अर्धा पांढरा दिसतोय?
हात लावू नका. तो कात टाकतोय. आधी मागचा भाग, मग पुढचा.

उन्हाळ्यात काय?
डबा गॅलरीत नको. घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा, रोज ओल तपासा.

सुरुवात कुंडीखालच्याच आठ-दहा जिवांपासून करा. कंटाळा आला तर त्यांना त्याच कुंडीखाली परत सोडता येते. परदेशी जाती मात्र गोदाकाठी सोडू नका.