पोलादाची कातडी पातळ, पण कडक!

माहीत आहे का? आपला केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरी रोजच्या कुस्तीत बोथट कोण होतं? ब्लेड! एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकेक केस कापून हे कोडं सोडवलं. केस वाकला आणि नेमका धारेच्या कच्च्या जागी भिडला, की पोलादाचा बारीकसा टवका उडतो. हा निकाल २०२० मध्ये जाहीर झाला. मऊ माणसांशी पंगा घेऊ नये, ते यासाठी.

यावर इलाज? धारेला हिऱ्याचा चुलतभाऊ फासा! ‘डायमंड-लाइक कार्बन’ म्हणजेच डीएलसी. १९९८ मध्ये आलेल्या जिलेटच्या मॅक-३ ब्लेडवर हाच थर होता. तेव्हा कित्येक पुरुष रोज सकाळी गालावरून जवळजवळ हिरा फिरवत होते आणि त्यांच्या बायकांना पत्ताही नव्हता.

पण मग अख्खं पोलादच कडक करून का टाकत नाहीत? कारण फार कडक पोलाद ठिसूळ होतं, दणका बसला की काडकन मोडतं. गाडीच्या गिअरला दोन्ही हवं: वरून झीज नको, आतून चिवटपणा हवा. म्हणून वापरायचा साबुदाणा वड्याचा फॉर्म्युला. बाहेर कुरकुरीत, आत मऊ! गिअर ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवायचा, कार्बन वरच्या साधारण मिलिमीटरभर थरात मुरू द्यायचा आणि मग तेलात बुडवून झटकन थंड करायचा. नाव? केस हार्डनिंग. केसाने घालवलेली अब्रू ‘केस’नेच परत मिळवली म्हणायची.

आता नाक धरा. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या जर्मन साधूने कारागिरांसाठी एक ग्रंथ लिहिला. कानशी कडक करायची त्याची रेसिपी अशी: बैलाचं जाळलेलं शिंग आणि मीठ कुटा, तापलेल्या कानशीवर भुरभुरवा, मग पाण्यात विझवा. शिंगात कार्बन असतो, म्हणजे बाबाजी बरोबर होते. पण हत्यारांना पाणी द्यायला तो काय सुचवतो, माहीत आहे का? तीन दिवस उपाशी ठेवून मग नुसते नेचे खाऊ घातलेल्या बोकडाचं मूत्र. नाहीतर लाल केसांच्या लहान मुलाचं! खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा पोलाद लवकर थंड करतं, एवढं त्यात तथ्य आहे. केसांच्या रंगाचा मुद्दा मात्र आजवर कुठल्याच मेटलर्जिस्टने मनावर घेतलेला नाही.

वासावरून वासावर: अमोनिया! जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यात अॅडॉल्फ फ्राय यांनी १९२०च्या दशकात नायट्रायडिंग गाजवलं. साधारण ५०० अंशांवर अमोनियातला नायट्रोजन पोलादात शिरतो आणि पृष्ठभाग कडक होतो. नंतर पाण्यात-तेलात बुडवायची गरज नाही, म्हणून पार्ट फारसा वाकडाही होत नाही.

मार खाऊन सुधारणारं पोलाद पाहिलंय? शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी ते शोधलं. त्यात १२-१३ टक्के मँगनीज असतं. जितके ठोके पडतील, तितका त्याचा वरचा थर कडक! रेल्वेच्या क्रॉसिंगमध्ये आणि खडी क्रशरच्या जबड्यात आजही तेच दात-ओठ खातं.

धूम-धडाम! १९५०च्या दशकात अमेरिकेच्या युनियन कार्बाइडने चक्क तोफ बनवली. नळीत ऑक्सिजन आणि अॅसिटिलीनचे स्फोट, सेकंदाला अनेक. त्या झटक्यात टंगस्टन कार्बाइडची पावडर आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने पार्टवर आदळते आणि चिकटते. कानठळ्या अशा, की तोफ ध्वनिरोधक खोलीतच डागावी लागते. विमानाच्या इंजिनांच्या भागांना हा मेकअप चालतो.

आणि आपल्या साखर कारखान्यात? तिथे ब्यूटी पार्लर म्हणजे वेल्डिंगचा होल्डर! उसाबरोबर माती आणि वाळूही फुकट येते आणि ऊस ठेचणाऱ्या फायब्रायझरचे हॅमर झिजवते. म्हणून हॅमरच्या तोंडावर क्रोमियम कार्बाइडचं हार्डफेसिंग चढवतात. त्याहून भारी खेळ मिलच्या रोलरवर. रोलर फिरतोय, रस गळतोय आणि वेल्डर चालत्या दातांवर कडक धातूचे थेंब उडवतोय! याला म्हणतात आर्सिंग. त्या खरखरीत दाण्यांमुळे ऊस घसरत नाही. भर गाळप हंगामात, मिल न थांबवता. सर्कसवाल्यांनी यावं शिकायला.

हा खटाटोप कशासाठी? २०१७च्या एका अभ्यासाचा अंदाज ऐका. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के घर्षणावर मात करण्यात जाते आणि आणखी ३ टक्के झिजलेले पार्ट पुन्हा बनवण्यात!

आता अवकाशातून आलेली आयटम! २ डिसेंबर १८५२ रोजी उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ उल्का पडली. लंडनमध्ये ती तपासताना खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांना तिच्यात सोनेरी, अगदी इवलेसे स्फटिक सापडले. खनिजाचं नाव ठेवलं ऑस्बोर्नाइट. रसायन ओळखलंत? टायटॅनियम नायट्राइड! हार्डवेअरच्या दुकानातल्या सोनेरी ड्रिल बिटवर असतं, तेच. हा थर निर्वात चेंबरमध्ये चढवतात. जाडी जेमतेम २ ते ४ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या साधारण विसाव्या भागाइतकी. कडकपणा मात्र खालच्या हायस्पीड स्टीलच्या दुपटीहून जास्त.

पण हुशार ग्राहक हो, चकाकतं ते सगळं टायटॅनियम नायट्राइड नसतं. काही बिटांवर नुसता तापवून आणलेला ऑक्साइडचा सोनेरी रंग असतो. खरा असला, तरी बिटचं टोक ग्राइंडरला लावलंत की तेवढ्या जागचा थर गेलाच. तेव्हा पाकिटावर कोटिंगचं नाव वाचा आणि नाव नसेल, तर नुसत्या रंगाचे जादा पैसे मोजू नका.