ग्रामसभेला कोण जाणार?

'ईएसजी' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला ईसीजीचाच भाऊ वाटला! निघालं भलतंच. पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्ही बाबतींत संस्था कशी वागते, त्याचा हा हिशेब. सेबीच्या नियमाप्रमाणे शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून तो दरवर्षी जाहीर करावा लागतो. त्यात आपली स्टेट बँक आली, सिलिंडर देणाऱ्या सरकारी तेल कंपन्याही आल्या.

पण मैत्रिणींनो, आपला रोजचा संबंध बँकेपेक्षा नळाशी जास्त. आमचं कबनूर इचलकरंजीला अगदी खेटून. मागांची खडखड ऐकतच इथली पोरं झोपतात. शेजारून वाहणाऱ्या पंचगंगेत कोल्हापूरचं सांडपाणी येतं, पुढं कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याची भर पडते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. घाण पाण्यातून पसरणारी 'ई' कावीळ तर गरोदर बाईच्या जिवावरच उठते. पर्यावरण आपल्या घरात येतं ते असं, हंड्यातून.

आता समाजाचं बघा. आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. १७ मे ला सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून प्रथा दुसऱ्या दिवशी संपत नाही, हे आपण बायका चांगलंच ओळखून आहोत. तरी 'गावानंच ठरवलंय' असं म्हणायला एखाद्या सुनेला आधार झाला, हे काय थोडं आहे?

आणि कारभार? २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा आपल्या. (खुर्चीवर बाई आणि फोनवर तिचे 'हे', असंही पुष्कळ ठिकाणी चालतं, ते सोडा.) ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर गेले, हे सभेत उभं राहून विचारता येतं. सांगितलं नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. अर्जाला १० रुपये लागतात. पाण्याचा नमुना कधी तपासला, अहवाल काय आला, हेही वेगळ्या अर्जात मागा.

अडचण वेळेची आहे. महिला सभा सकाळी अकराला ठेवली, तर कांड्या भरणारी बाई रोज बुडवून येणार कशी? म्हणून माझं पहिलं मागणं साधं आहे : सभा संध्याकाळी ठेवा, आणि दवंडी आमच्या गल्लीपर्यंत येऊ द्या.