कावकाव, पेटंट आणि पीएनजी

‘कावकावकाव’. सहा अक्षरं. ती संगणकाला कमी जागेत कशी पाठवाल? अशी: १, २, ३, ३.

‘का’ म्हणजे १ आणि ‘व’ म्हणजे २, एवढंच दोन्हीकडच्या संगणकांना आधी ठाऊक असतं. पाठवणारा १ आणि २ पाठवतो आणि ‘काव’ या नव्या जोडीला ३ नंबर देऊन मोकळा होतो. पुढची दोन्ही ‘काव’ मग एकेका आकड्यात बसतात. पण थांबा. ३ म्हणजे काय, हे पलीकडच्याला सांगितलं कोणी? कोणीच नाही! १ च्या मागून २ आलेला पाहून तोही त्याच नियमाने आपला कोश रचत जातो. कोश पाठवायचाच नाही, तरी दोन्हीकडे तो तंतोतंत सारखा!

या युक्तीचं नाव एलझेडडब्ल्यू. लेम्पेल आणि झिव्ह यांच्या १९७८ च्या कल्पनेला टेरी वेल्च यांनी दिलेलं हे रूप १९८४ साली छापून आलं. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने चित्रांसाठी जीआयएफ काढलं, त्याच्या पोटातही हेच.

आणि या युक्तीवर पेटंट होतं. वेल्च यांचा अर्ज जून १९८३ चा, पेटंट पुढे युनिसिस या कंपनीकडे आलं. त्याच महिन्यात आयबीएमनेही जवळपास याच युक्तीसाठी अर्ज केला होता आणि अमेरिकी पेटंट कार्यालयाने १९८९ मध्ये तोही मंजूर केला!

पेटंट म्हणजे कॉपीराइट नव्हे. पुरणपोळीची कृती छापलेल्या पानावर कॉपीराइट असतो. पेटंट हरभऱ्याच्या डाळीत गूळ शिजवण्यावरच. कोणाचंही न बघता, स्वतःच्या डोक्याने तुम्ही ते केलंत तरी परवाना हवाच.

१९९४ च्या डिसेंबरअखेर युनिसिसच्या पेटंटपायी जीआयएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमांकडे तशी मागणी झाली. विकणारी कंपनी शुल्क किमतीत घालून मोकळी होते. पण फ्री सॉफ्टवेअरच्या प्रती कोणीही काढतो, मोजणार कोण? शिवाय अशा सॉफ्टवेअरसाठीच्या जीपीएल परवान्याची १९९१ ची आवृत्ती बजावते: पुढच्या प्रत्येकाला रॉयल्टीशिवाय वाटता येत नसेल, तर तुम्हीही वाटू नका. म्हणजे एखाद्या दात्याने स्वतःपुरते पैसे भरले तरी उपयोग शून्य.

मग? जानेवारी १९९५ मध्ये थॉमस बूटेल यांनी चित्रांसाठी पेटंटमुक्त अशा नव्या स्वरूपाचा आराखडा मांडला, इतरांनी तो घासूनपुसून घेतला आणि १९९६ मध्ये पीएनजी आलं. त्याच्या मुळाशी लेम्पेल-झिव्ह यांचीच कल्पना, फक्त एक वर्ष आधीची, १९७७ ची! एक पाऊल मागे गेले आणि हाती काय आलं? जीआयएफच्या एका चित्रात २५६ रंग, इथे कोट्यवधी. अडवणुकीतून इतकी सरस वस्तू निघावी, हे मला आजही नवलाचं वाटतं. हलणारी चित्रं मात्र पीएनजीत नव्हती, म्हणून जीआयएफ तगलं.

जून २००३ मध्ये युनिसिसच्या अमेरिकी पेटंटची मुदत संपली. आयबीएमचं मात्र २००६ पर्यंत चालू होतं.