एंटू मुक्कालु म्हणजे पावणेनऊ

उमदी, संख, माडग्याळ या जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांत बदली होऊन आलेले शिक्षक, परिचारिका, बँकेतले कारकून पहिल्या काही दिवसांत एक गोष्ट हमखास बोलून दाखवतात: "इथं सगळे कन्नड बोलतात, आपल्याला काही जमायचं नाही." जमतं. सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, वेळ सांगण्यापासून करा. बारा आकडे, तीन अपूर्णांक आणि एक प्रत्यय एवढाच ऐवज आहे. दवाखान्यात गोळी कधी घ्यायची, पालकसभा किती वाजता, एसटी गेली की यायची आहे, एवढं तरी त्यावर भागतं. अडचण भाषेपेक्षा तिच्याबद्दलच्या समजुतींचीच जास्त आहे.

त्यातली पहिली समजूत अशी की कन्नड ही 'तिकडची' भाषा आहे, सीमेपलीकडून आलेली. जत हे डफळ्यांचं संस्थान. ब्रिटिश काळात काही काळ त्याची देखरेख विजापूरच्या कलेक्टरकडे होती. 1948 मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं, 1949 मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलं आणि त्याच जिल्ह्याला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळालं. सरकारी हद्दी अशा बदलत राहिल्या तरी घरातली बोली बदलली नाही. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले भाविक एकाच रांगेत उभे असतात. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, त्याही महाराष्ट्राच्याच. 2022 च्या अखेरीस कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या 40 गावांचा विषय काढला आणि मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून काहींना वाटतं की इथं कन्नड शिकणं म्हणजे सीमावादात बाजू घेणं. या समजुतीचा मला मनापासून राग येतो. समोरच्या आजीला तिच्या भाषेत "हत्तु गंटेगे बन्नि", म्हणजे दहा वाजता या, असं सांगितल्यानं कुठलीही सीमा हलत नाही.

दुसरी समजूत, कन्नडमध्ये वेळ सांगणं अवघड आहे. खरी अवघड आहे ती मराठी. लहानपणी अंगवळणी पडल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही, एवढंच. साडेतीन, साडेचार म्हणणारे आपण 'साडेएक' म्हणत नाही, दीड म्हणतो. 'साडेदोन' नाही, अडीच. सव्वादोन, सव्वातीन म्हणतो, पण सव्वाएक नाही, नुसतं सव्वा. पावणेदोन आहे, पण पावणेएक नाही, नुसतं पाऊण. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची इथं दमछाक होते. कन्नडमध्ये असले अपवादच नाहीत. आकडे असे: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु, हन्नोंदु, हन्नेरडु. आकड्याला 'वरे' जोडलं की साडे, 'कालु' जोडलं की सव्वा, 'मुक्कालु' जोडलं की पाऊण भाग वर. दीड वाजले तर ओंदूवरे, अडीच वाजले तर एरडूवरे, साडेआठ वाजले तर एंटूवरे. सव्वा वाजला तर ओंदू कालु. गावात शेवटचा 'ए' बहुधा 'ई' होतो. घराला 'मने' ऐवजी 'मनी' म्हणतात, तसंच 'गंटे' चं 'गंटी' आणि 'वरे' चं 'वरी' कानावर येतं. तो उच्चार अशुद्ध नाही. उत्तर कर्नाटकातही तसंच बोलतात.

मराठी माणूस खरोखर अडखळतो तो मुक्कालुपाशी. 'पावणेनऊ' म्हणताना आपलं लक्ष येणाऱ्या नऊकडे असतं. कन्नड माणूस होऊन गेलेल्या आठवर उभा राहून मोजतो: एंटू मुक्कालु, आठ आणि वर पाऊण. त्यामुळे नवखा माणूस 'ओंबत्तू मुक्कालु' ऐकतो, मनात पावणेनऊ धरतो आणि पावणेदहाच्या कामाला तासभर आधी जाऊन बसतो. उलट बोलताना नऊच्या आधीची वेळ तो 'ओंबत्तू मुक्कालु' अशी सांगतो आणि समोरचा तासभर उशिरा येतो. बाराच्या पुढे तर आणखी गंमत आहे. आपण नुसतं 'पाऊण वाजला' म्हणतो, तिथं कन्नडमध्ये हन्नेरडू मुक्कालु. एक सवय लावून घ्यावी: मुक्कालु ऐकलं की आकडा एकानं पुढं न्यायचा आणि मग 'पावणे' म्हणायचं. मिनिटांनी कमी सांगताना मात्र दोन्ही भाषा सारख्याच चालतात. आठला दहा कमी म्हणजे एंटक्के हत्तु निमिष कडिमे.

'गंटे' म्हणजे आपला तास, असंही पुष्कळजण धरून चालतात. अर्धंच खरं आहे. मराठीत 'दोन वाजले' आणि 'दोन तास' यांत घोटाळा होत नाही. कन्नडमध्ये 'एरडु गंटे' या दोन शब्दांत दोन्ही अर्थ मावतात. 'गे' लागून 'एरडु गंटेगे' झालं की निश्चित दोन वाजता. पण 'एरडु गंटेय नंतर' म्हणजे दोन वाजल्यानंतर की दोन तासांनी, हे संदर्भावरून ठरतं. औषधाच्या बाबतीत संदर्भावर भरवसा ठेवू नये. सुदैवानं उत्तर कर्नाटकाच्या बोलीत 'तासु' हा शब्द वापरात आहे. कालावधी सांगायचा असेल तर सरळ 'एरडु तासु' म्हणावं, घोळ उरत नाही.

परवाचंही असंच. आपला 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. तो कधीचा हे क्रियापदावरून कळतं. कन्नडमध्ये मागचा परवा मोन्ने, पुढचा नाडिद्दु. निन्ने म्हणजे काल, नाळे म्हणजे उद्या. आणि 'कालु' ऐकून आपला 'काल' आठवू नये.

आता एक समजूत भाषेबाहेरची, पण वेळ शिकणाऱ्याला हटकून गोंधळात पाडणारी. मेंढरांमागे फिरणारा म्हातारा सूर्याकडे बघून 'हन्नेरडु' म्हणतो आणि आपल्या हातातल्या घड्याळात साडेबारा झालेले असतात. त्याचा अंदाज चुकला किंवा आपण आकडा चुकीचा ऐकला, असं वाटतं. दोन्ही नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, आणि जत सव्वापंचाहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी 29 मिनिटं मागे चालतो. त्यातही वर्षभरात फरक पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जतची खरी मध्यान्ह सव्वाबाराच्या आत येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजण्याच्या जवळ जाते. म्हातारा सूर्याची वेळ सांगतो, आपण देशाची. देशाची एक वेळ 1906 मध्ये ठरली, तरी मुंबईनं तिच्याहून 39 मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती. शेतावरच्या माणसानं आपली सोडली नाही, यात नवल काय?

घड्याळातली वेळ सूर्याच्या हिशेबानं बोलणाऱ्या भाषा आजही जगात आहेत. रवांडा देशातल्या किन्यारवांडा भाषेत सकाळच्या सातला 'सा मोया' म्हणतात, म्हणजे पहिला तास. आठ वाजता दुसरा, नऊ वाजता तिसरा, दुपारी बाराला 'सा सिता', म्हणजे सहावा. तासांचे हे आकडे स्वाहिलीतून आले आहेत आणि मोजणी सकाळी सहापासून सुरू होते. शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी सहा तास मिळवावे लागतात. ही पद्धत मागासलेली आहे असं कुणाला वाटेल, पण रवांडा विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथं वर्षभर सूर्य सहाच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे हिशेब चोख बसतो. आपल्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात. मात्र घटका म्हणजे तास नव्हे, 24 मिनिटं. दिवसरात्रीच्या साठ. जतमध्ये सूर्योदय जूनमध्ये सहाच्या थोडा आधी आणि जानेवारीत सातच्या थोडा नंतर होतो. म्हणून 'सूर्योदयानंतर दहा घटका' ही वेळ घड्याळात तासाभरानं मागेपुढे होते आणि पंचांगात रोजचा सूर्योदय छापावा लागतो.

उमदीत कुणी "एष्टु गंटे?" असं विचारलं तर मात्र असली कुठलीच बेरीज करावी लागत नाही. तिथलं घड्याळ आपलंच आहे. सकाळ सांगायला मुंजाने, दुपार सांगायला मध्याह्न, संध्याकाळला संजे आणि रात्रीला रात्रि हे शब्द आकड्याआधी लावावेत: मुंजाने एंटूवरे, रात्रि ओंबत्तू कालु. गोळीची वेळ सांगताना ती रुग्णाकडून एकदा उलट म्हणवून घ्यावी, आणि मुक्कालु आला तर दोनदा.