कारखान्यातला संगणक (भाग ५) : सीपीयू-जीपीयू एकाच आवरणात

मागच्या भागात आपण तपासणीच्या कॅमेऱ्याची जागा आणि प्रकाशयोजना पाहिली. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र ज्या संगणकात जातं, तो आज उघडून पाहू.

भोसरी एमआयडीसीत किंवा चाकणजवळच्या निघोजे-महाळुंगे भागात कास्टिंगमधला ब्लोहोल किंवा कडेला राहिलेली बर शोधायला कॅमेरा लावला, तर चित्रागणिक कोट्यवधी गुणाकार-बेरजा कराव्या लागतात. सीपीयू वेगवेगळे निर्णय भराभर घेण्यात तरबेज. जीपीयू एकच साधी क्रिया हजारो ठिकाणी एकदम करतो. त्यामुळे हे काम जीपीयूचं. पण मोठं ग्राफिक्स कार्ड मशीनशेजारी ठेवलं, की त्याचे पंखे कूलंटचे तुषार आणि धातूची भुकटी आत ओढतात. पंखा अडकला की चिप तापते आणि तपासणी थांबते. म्हणून तिथे बिनपंख्याचा, अंगभर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला छोटा बॉक्स पीसी लागतो. त्यात उष्णता कमी निर्माण झाली पाहिजे.

उष्णता होते ती विजेतून, आणि वीज आकडेमोडीला लागते, तशीच माहितीची ने-आण करायलाही लागते. कारखान्यांचंच उदाहरण घ्या. चाकणमध्ये 1999 मध्ये बजाजचा, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा, 2010 मध्ये महिंद्राचा कारखाना सुरू झाला, आणि सुटे भाग बनवणारे त्यांच्या आसपास आले. तळेगाव चौकातल्या कोंडीत ट्रक अडकणं कुणालाच परवडत नाही. चिपचंही तसंच आहे: सीपीयू आणि जीपीयूमधलं अंतर घटलं की वेळ आणि वीज दोन्ही वाचतात.

हे अंतर टप्प्याटप्प्याने घटलं. एएमडीने 2006 मध्ये ग्राफिक्स चिप बनवणारी एटीआय विकत घेतली. जानेवारी 2010 मध्ये इंटेलने 32 नॅनोमीटरचा प्रोसेसर आणि 45 नॅनोमीटरची ग्राफिक्स चिप एका आवरणात बसवली. 2011 मध्ये दोन्ही कंपन्यांनी हे भाग सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आणले. 2018 मध्ये तर इंटेलने प्रतिस्पर्धी एएमडीची ग्राफिक्स चिप आणि 4 जीबी वेगवान मेमरी आपल्या प्रोसेसरच्या आवरणात घेतली. त्यातून 1.2 लिटर आकारमानाचा संगणक तयार झाला. मात्र 2019 मध्येच ही चिप बंद करत असल्याचं इंटेलने जाहीर केलं. दहा वर्षं चालायची मशीन घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: चिप किती वर्षं मिळणार, ड्रायव्हर किती वर्षं मिळणार, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावं.

एकत्र येण्याची किंमतही आहे. वेगळ्या कार्डावर स्वतःची मेमरी असते. एकत्रित चिपमध्ये सीपीयू आणि जीपीयू सहसा एकच रॅम वाटून घेतात. डीडीआर5-5600 रॅमच्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला कमाल 89.6 जीबी माहिती पुरवतात. आरटीएक्स 4060 कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला 272 जीबी पुरवते. एएमडीची 2025 मधली रायझन एआय मॅक्स ही एकत्रित चिप सेकंदाला 256 जीबीपर्यंत पोचली आहे, पण तिची रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असते. नंतर वाढवायची सोय नाही.

चाकण-भोसरीच्या लघुउद्योजकांना माझा सल्ला स्पष्ट आहे. दोषांचे नमुने दाखवून ते ओळखणारं एआय मॉडेल शिकवण्याचं जड काम ऑफिसातल्या कार्डवाल्या संगणकावर करा. मशीनशेजारी, ठरावीक भागाच्या तपासणीला एकत्रित चिपचा बॉक्स पीसी बहुतेक वेळा पुरतो. मात्र घेण्यापूर्वी आपलेच चांगले-वाईट भाग लाइनच्या खऱ्या वेगाने त्यावर तपासून पाहा. आणि रॅमची 16 जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी 8 जीबीच्या दोन घ्या. एकाच पट्टीवर मेमरीचा वेग निम्मा होतो, आणि त्याचा पहिला फटका जीपीयूला बसतो.

पुढच्या भागात : तपासणीचा निकाल पीएलसीपर्यंत कसा पोचवायचा.